दोन रिंगा

आईचा फोन बटणांचा आहे. पाचच्या बटणावरचा आकडा पुसून कैक वर्षं झाली, पण त्या बटणावर बारीक उंचवटा असतो, तो बोटाला लागतो आणि तिचं भागतं. दोन दाबून धरलं की मला फोन लागतो, तीन दाबलं की लातूरच्या ताईला, चार म्हणजे औषधाचं दुकान. बास. व्हॉट्सॲप नाही, व्हिडिओ नाही. दोनदा स्मार्टफोन आणून दिला. पहिला तिने कपाटात साड्यांखाली ठेवला, 'नवा आहे, खराब होईल' म्हणून. दुसरा आठवड्यात परत केला. "ह्याला बोट लावलं की पळतंय," एवढंच कारण.

हे आधी सांगायचं कारण म्हणजे, परदेशात जाताना कोणतं प्रीपेड सिम घ्यावं याचा माझा सगळा हिशेब त्या फोनपासून सुरू होतो. आणि हे डोक्यात शिरायला मला बँकॉकला जावं लागलं.

मी तसा सोलापुरात अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या टॉवेलच्या कारखान्यात हिशेब लिहिणारा माणूस. पण दोन वेळा देशाबाहेर जाऊन आल्यामुळे उत्तर कसब्यातल्या आमच्या गल्लीत मी या विषयातला जाणकार समजला जातो. सहल ठरली की लोक पासपोर्टच्या झेरॉक्सबरोबर माझ्याकडेही येतात. "काका, आठ दिवसांना किती जीबी लागेल?" मी उलट विचारतो, "घरी मागे कोण आहे?" त्यावर समोरचा माणूस जरा संशयाने बघतो. घर फोडायचा बेत आहे की काय, असं.

तर बँकॉक. २०१८ ची दिवाळी, कारखान्यातले आम्ही सहा जण. रात्रीची सिद्धेश्वर एक्स्प्रेस, मुंबई, मग विमान. सुवर्णभूमी विमानतळावर सामान घेऊन बाहेर आलं की सिमकार्डवाल्यांची काउंटरं ओळीने मांडलेली. आपल्याकडे गड्ड्याच्या जत्रेत पाळणेवाले बोलावतात तशा तिथल्या मुली बोलावत होत्या, फक्त फार हळू आवाजात. पासपोर्ट घेतला, फोटो काढला, आठ दिवसांचं टुरिस्ट सिम. किंमत आपल्या कंपनीच्या रोमिंग पॅकपेक्षा कितीतरी कमी. मला तर एखादा खटला जिंकल्यासारखं वाटलं.

त्या मुलीने माझा फोन हातात घेतला, टाचणीने ट्रे बाहेर काढला आणि थांबली. माझ्या फोनमध्ये दुसरी खाच होती, पण ती अशी की एकतर दुसरं सिम घाला, नाहीतर मेमरी कार्ड. मी फोटो काढायचे म्हणून मोठ्या हौसेने मेमरी कार्ड घातलेलं. तिने खुणेनं विचारलं, कुठलं काढू? मी क्षणभरही विचार न करता भारतातल्या सिमकडे बोट दाखवलं. नॅनो सिम ते, सव्वाबारा मिलिमीटर लांब, पावणेनऊ रुंद. भोपळ्याची बी एवढी असते. तिने ते चिकटपट्टीने नव्या सिमच्या रिकाम्या पुठ्ठ्यावर चिकटवलं आणि पुठ्ठा दोन्ही हातांनी माझ्यापुढे धरला. एवढ्या अदबीने आजवर मला कुणी काही दिलेलं नाही. आणि ते मी दुसऱ्या दिवशी हॉटेलच्या खोलीत, बिस्किटांच्या रिकाम्या पुड्याबरोबर, कचऱ्याच्या डब्यात टाकलं.

दोन दिवस पत्ताच नाही. इंटरनेट धावत होतं, ग्रुपवर फोटो पडत होते, ताईशी व्हिडिओवर बोलणं होत होतं. चौथ्या दिवशी विम्याच्या हप्त्याची शेवटची तारीख आठवली. पैसे भरायला बसलो तर बँक म्हणाली, ओटीपी पाठवला आहे. पाठवला असेलच. तो बँकॉकच्या कुठल्यातरी कचऱ्यात जाऊन पडला असेल. खोलीतली गादी उलटली, बॅग झटकली. शेवटी ताईने लातूरहून हप्ता भरला आणि वर दोन शब्द सुनावले.

पण खरी गंमत घरी आल्यावर कळली. मी ताईला सांगितलं होतं की आईला कळव, माझा नंबर आठ दिवस बंद असेल. ताईने कळवलंही होतं. पण आईच्या हिशेबात 'बंद' म्हणजे दुपारी झोपल्यावर असतो तसा. ती रोज सकाळी पूजा झाली की दोनचं बटण दाबायची. तिकडून ती बाई सांगायची, आपण डायल केलेला क्रमांक सध्या बंद आहे. आईचा राग माझ्यापेक्षा त्या बाईवर जास्त. "रोज तेच सांगलालती. कधी चालू होणार विचारलं तर उत्तर देत नाही. इतकं तुटक बोलतंय का कुणी?"

मी हसलो. ती नाही हसली.

त्यानंतर मात्र मी या विषयाचा पिच्छा पुरवला. नवी पेठेतल्या मोबाइलच्या दुकानात बसून पोरांना प्रश्न विचारून बेजार केलं. त्यातून जे हाती लागलं त्यातली एक गोष्ट मला अजून कुणी जाहिरातीत सांगितलेली दिसली नाही, म्हणून इथे जरा बैजवार सांगतो.

तुमचा भारतातला नंबर परदेशात रोमिंगवर असतो तेव्हा घरून कुणी फोन केला, तर करणाऱ्याला तो नेहमीच्या दरातच पडतो. त्याला कुठे माहीत तुम्ही कुठे आहात! फोन आधी भारतातल्या तुमच्या कंपनीकडे जातो आणि तिथून पुढे, समजा जर्मनीतल्या फ्रँकफर्टपर्यंतचा, प्रवास तुमच्या खर्चाने होतो. म्हणून रोमिंगमध्ये आलेल्या फोनलाही पैसे पडतात. उलट, तुम्ही तिथलं सिम घेतलंत आणि तो नंबर घरी दिलात, तर तुम्हाला येणारा फोन बहुतेक फुकट, पण घरच्या माणसाला आयएसडी लावावा लागतो. आईच्या रिचार्जमध्ये आयएसडी नाही. असला तरी जर्मनीच्या +४९ पासून सुरू होणारा लांबलचक आकडा ती पुसलेल्या बटणांवर दाबणार नाही. म्हणजे कुठूनही फिरा, तिच्यासाठी माझा तो जुना, दोनच्या बटणात बसलेला नंबरच चालू हवा.

आणि तो चालू ठेवायला फार लागत नाही. निघण्याआधी इंटरनॅशनल रोमिंग सुरू करून घ्यायचं, सगळ्यात छोटा पॅक टाकायचा आणि त्या सिमचं डेटा रोमिंग आठवणीने बंद करायचं. येणाऱ्या एसएमएसला रोमिंगमध्ये पैसे पडत नाहीत, म्हणजे ओटीपीचीही सोय झाली. इंटरनेटसाठी तिथलं स्वस्त सिम वेगळं. एका फोनमध्ये दोन सिमं, दोघांची कामं वाटून दिलेली. सासू-सुनेने स्वयंपाकघर वाटून घ्यावं तसं. भांडण होतं ते कुठलं काम कुणाचं हे सेटिंगमध्ये सांगायचं राहिलं तरच.

'अनलिमिटेड' या शब्दावर माझा मुळीच विश्वास नाही, हेही सांगून टाकतो. अमर्याद थाळी म्हणून बसवतात आणि दुसऱ्या भाकरीनंतर वाढपी दिसेनासा होतो, तसं हे प्रकरण. दिवसाचा ठरलेला कोटा संपला की वेग असा पडतो की नकाशा उघडेपर्यंत आपण तो चौक ओलांडून गेलेलो असतो. पॅक घेताना मोठी अक्षरं सोडून खालची बारीक अक्षरं वाचावीत. चष्मा बॅगेत असला तर काढून वाचावीत.

बाकी शहाणपण मला गल्लीनेच दिलं. आमच्या शेजारच्या भाभी मुलाबरोबर उमऱ्याला गेल्या. तिथे सिम घ्यायचं तर बोटाचा ठसा द्यावा लागतो, सौदीत २०१६ पासून तसा नियम आहे. भाभींचं अर्धं आयुष्य विड्या वळण्यात गेलं. तेंदूची पानं कापून, तंबाखू भरून, दोरा गुंडाळून बोटांची टोकं इतकी गुळगुळीत झालीत की रेशनच्या दुकानातलं यंत्रही त्यांना महिन्यातून एकदा परकं ठरवतं. तिकडच्या काउंटरवरही तेच. अंगठा झाला, तर्जनी झाली, काउंटरवाल्याने हात पुसायला कागद दिला, पुन्हा सगळी बोटं. शेवटी सिम मुलाच्या ठशावर निघालं. परत आल्यावर खजूर द्यायला आल्या तेव्हा हे सांगताना त्या स्वतःच हसत होत्या. "अल्ला के घर में सब माफ हो गया भैया, बस सिम नहीं मिला."

एका डॉक्टर दांपत्याची वेगळीच तऱ्हा. पंधरा दिवसांची युरोप सहल. पॅरिसमध्ये उतरताच सिम घेतलं, दुकानदाराने सांगितलं, सगळ्या युरोपात चालेल. ते खोटं नव्हतं. युरोपियन युनियनने १५ जून २०१७ पासून आपापसातला जादा रोमिंग आकार बंद केला, त्यामुळे फ्रान्सचं सिम इटलीत, जर्मनीत घरच्यासारखं चालतं. पण आपल्या लोकांची युरोप सहल ज्या बर्फासाठी असते ते स्वित्झर्लंड त्या युनियनमध्ये नाही. गाडी बासेलच्या पुढे गेली आणि सिम मुकं झालं. डॉक्टरीणबाईंना बर्फाचे फोटो बर्फात उभं राहून पाठवायचे होते, ते तीन दिवसांनी इटलीत बसून पाठवावे लागले. ब्रिटनही आता युनियनबाहेर आहे, तेव्हा लंडनचं सिम घेऊन पॅरिसला जाणाऱ्यांनीही आधी विचारून घ्यावं.

आणि दुबईत असलेला माझा भाचा. त्याच्याकडे इंटरनेट भरपूर, पण व्हॉट्सॲपवरून बोलायला गेलं तर लागत नाही, संयुक्त अरब अमिरातीत असल्या कॉलवर बंधनं आहेत. मेसेज जातात, फोटो जातात, आवाज जात नाही. बोलायला परवानगी असलेली वेगळी ॲप्स घ्यावी लागतात. दहा जीबी घेऊन गेलेला माणूस पहिल्या रात्री घरी बोलायला बसतो आणि फोनकडे बघत राहतो.

पासपोर्ट न लागणाऱ्या प्रवासातही हे घडतं बरं का. आईच्या भिशीतल्या बायका वैष्णोदेवीला गेल्या, तेव्हा जम्मूत शिरताच सगळ्यांचे फोन एकदम गप्प. बाहेरच्या राज्यातलं प्रीपेड तिथे चालत नाही, पोस्टपेड चालतं. बावीस बायकांत पोस्टपेड फोन एकीचा. तिच्या फोनवरून बावीस घरांना खुशाली गेली, आणि पुढचे सहा महिने भिशीत तिचा शब्द खाली पडला नाही.

भैय्या चौकातल्या डॉ. कोटणीसांच्या स्मारकाजवळून गेलो की हल्ली माझ्या डोक्यात हेच विषय येतात, याची थोडी लाजही वाटते. सोलापुरात १९१० साली जन्मलेला हा माणूस १९३८ मध्ये चीनला गेला, युद्धात जखमी सैनिकांवर उपचार करत राहिला आणि १९४२ मध्ये तिथेच गेला. वडील वारल्याची बातमीही त्यांना तिकडेच कळली. पत्र इथून निघायचं, बोटीने जायचं, लढाईच्या मुलखातून वाट काढत पोचलं तर पोचायचं. इकडच्या माणसांनी ते दिवस कसे काढले असतील? आणि मी आठ दिवसांच्या जीबीचा हिशेब करतो.

असो. २०२५ च्या जानेवारीत मालकांनी फ्रँकफर्टला चलायला सांगितलं. हाइमटेक्स्टाइल नावाचं घरगुती कापडाचं मोठं प्रदर्शन तिथे भरतं, १४ ते १७ तारखांना होतं. आमचे टॉवेल मांडायचे, भाव सांगायचे, ऑर्डरी लिहून घ्यायच्या. म्हणजे नेमकी सिद्धेश्वरांची यात्रा चुकणार. आमच्या घराच्या दारावरून नंदीध्वज, म्हणजे यात्रेच्या मिरवणुकीतल्या उंच काठ्या, जातात. जन्मापासून मी एकही काठी चुकवलेली नव्हती. आई काही बोलली नाही. फक्त "थंडी असंल तिकडं," म्हणाली आणि शेंगाचटणीचा डबा जरा जास्त दाबून भरला.

या वेळी माझी तयारी पक्की होती. नवा फोन ई-सिमवाला, म्हणजे कार्ड न घालता फोनमध्येच उतरवून घ्यायचं सिम. ई-सिमचं लोक मोठं कौतुक करतात की क्यूआर कोड दाखवला की काम झालं, टाचणी नको, कानातल्याची फिरकी नको. माझ्या लेखी त्याचा गुण एकच, भारतातलं सिम फोनमधून बाहेर काढावंच लागत नाही. जे बाहेर निघालं नाही ते कचऱ्यात कसं जाईल? यातली बरीच ई-सिमं नुसती इंटरनेटची असतात, त्यांना नंबरच नसतो, पण मला नंबर हवा होता कुठे! मालकांनी तिथल्या दुकानात जाऊन सिम घ्यायचं ठरवलं. जर्मनीत २०१७ पासून प्रीपेडलाही ओळख पटवणं सक्तीचं आहे. पासपोर्ट, पत्ता, मग तपासणी. मालक दुकानातून बाहेर येईपर्यंत मी समोरच्या बाकावर बसून ताईशी बोलून, हॉटेलचा रस्ता शोधून, दोन फोटो पाठवून मोकळा झालो होतो. मालकांना ते आवडलं नाही.

पण निघण्याच्या आदल्या रात्री अडलं होतं ते वेगळ्याच ठिकाणी. आईला मी समजावत होतो की फोन चालू असेल, लागेल, पण अगदी गरज असेल तरच कर, कारण मी उचलला की मिनिटाला पैसे पडतात. ती ऐकून घेत होती. मग म्हणाली, "उचलू नकोस की मग."

"म्हणजे?"

"तुझी ताई लग्नानंतर लातूरला पोचली की काय करायची?"

मला आठवेना. तिला लख्ख आठवत होतं. तेव्हा आमच्या घरी फोन नव्हता, शेजारच्या वाड्यात होता. ताई पोचली की लातूरच्या पिवळ्या पाटीच्या बूथवरून शेजाऱ्यांकडे फोन लावायची. दोन रिंगा झाल्या की ठेवून द्यायची. शेजारच्या काकू उचलायच्या नाहीत, खिडकीतूनच ओरडायच्या, "पोचली हो पोरगी!" कुणाचा एक पैसा नाही. तिसरी रिंग वाजली तर मात्र उचलायचं, म्हणजे काहीतरी निरोप आहे.

मोबाइल आले तेव्हा, २००३ पर्यंत, आलेल्या फोनलाही पैसे पडायचे. तेव्हा तर अख्खा देश मिस्ड कॉलवर चालला होता. रिक्षावाला खाली आला की मिस्ड कॉल, दूधवाल्याला मिस्ड कॉल, जेवायला ये म्हणून मिस्ड कॉल. आणि मी नवी पेठेतल्या पोरांची डोकी खाऊन, तीन कंपन्यांचे पॅक वहीत उतरवून जे शोधत होतो, ते आईने चटणीच्या डब्याचं झाकण लावता लावता सांगून टाकलं.

ठरलं. पूजा झाली की आई दोन रिंगा देणार. मी उचलणार नाही. दोन रिंगा म्हणजे सगळं ठीक. जास्त वाजला तर उचलायचं.

आईची पूजा साडेनऊच्या सुमारास आटपते. जर्मनी हिवाळ्यात आपल्यापेक्षा साडेचार तास मागे. म्हणजे तिकडे पहाटेचे पाच. वेळ बदल म्हटलं तर म्हणाली, देवाची वेळ कशी बदलणार. पहिल्या पहाटे फोन वाजला. एक, दोन, बंद. मी कूस बदलून झोपलो. त्या दोन रिंगांनी जाग येते आणि त्यांनीच पुन्हा झोप लागते, हे मला नवीन होतं.

दुसऱ्या दिवशी १३ तारीख. म्हणजे सोलापुरात काठ्या निघायचा, अडुसष्ट लिंगांना तेलाभिषेकाचा दिवस. आदल्या दिवशी स्टॉलचे खोके उचलून अंग दुखत होतं. खोलीत मिट्ट काळोख. फोन वाजला. एक. दोन. मी डोळे मिटले.

तीन.

चार.

मी उठून बसलो. दिवा लागेना, बटण कुठे आहे ते आठवेना. पाचव्या रिंगेला अंधारातच फोन कानाला लावला.

"आई? आई, काय झालं?"

ती बोलतच नव्हती. नुसता गलका. सनई, त्यात कुणाचीतरी शिट्टी, पावलांचा दाटलेला आवाज. मी दोनदा हाक मारली. मग त्या गलक्यातून तो एकच आवाज शेकडो गळ्यांतून उठला, "एकदा भक्तलिंग हर्र बोला हर्र!" आणि मला दिसलंच की ती उंबऱ्यात उभी आहे, फोन कानाला नाही, बाहेर रस्त्याकडे धरलाय. पांढऱ्या बाराबंदीतली माणसं, सात काठ्या एकामागून एक, पहिली आमच्या दाराशी आलेली.

बराच वेळ तसाच गेला. मग तिचा आवाज जवळ आला.

"ऐकलास?"

"ऐकलं."

"मग ठेव आता. मीटर पडत असंल."